आई-बाबा, तिकीट काढलंय

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवरच सांगणार होते. पण फोनवर आई "बरं" म्हणते नि फोन बाबांच्या हातात देते, आणि बाबा रेंज नाही म्हणून ठेवतात. म्हणून पत्र. माझा व्हिसा झाला. पुढच्या महिन्यात अमेरिकेत मिनेसोटाला जाते, दोन वर्षांसाठी. फी भरली, राजीनामाही दिला. तुम्हाला न विचारता दिला, ते मनाला लागून राहिलंय. विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला नसतात, फक्त गप्प झाला असतात. मग माझा पाय निघाला नसता.

फॅमिली थेरपी शिकणार आहे, तीही म्हातारी माणसं असलेल्या घरांसाठी. यात एकट्या माणसाला औषध देत नाहीत बाबा, अख्ख्या घराला समोर बसवून बोलतं करतात. हे तिकडचं खूळ म्हणाल, तर १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर रुग्णांच्या घरच्यांना आवारात तंबूत राहायला बोलावत, म्हणजे आपलं माणूस कसं सांभाळायचं ते घरचेच शिकत. बंगळूरला निम्हान्स या मनोरुग्णांच्या मोठ्या सरकारी संस्थेतही हे काम चालतं, तिथलाही विचार मी केला. पण मला म्हातारपणावरच शिकायचंय. आणि तिकडे विद्यार्थी घरच्यांशी बोलत असताना शिक्षक काचेआडून बघतात, चुकलं तर तिथल्या तिथे सांगतात. असं कोणीतरी माझं काम बघून शिकवायला हवं आहे.

खरं कारण माजघरात आहे, ते तुम्हाला ठाऊकच आहे. आजी पदराला गाठ मारायची, सोडायची, पुन्हा मारायची. "बोट लागली का गो दाभोळला?" दिवसातून वीस वेळा. बाबा, तुम्ही सांगायचात की बोट बंद होऊन वर्षं लोटली, आणि ती रडायची. तुमचा आवाज चढायचा तो रागाने नाही, हे मला तेव्हा कळत नव्हतं. तुमची आई तुमच्यासमोर बसून तुम्हालाच ओळखत नव्हती. आणि आई, तू पीठ मळता मळता म्हणायचीस, "लागायची आहे अजून," की ती निवांत. कुठलंही पुस्तक न वाचता तू जे करत होतीस, ते आता शिकवतात: अशा माणसाला खोडून काढू नका, त्याच्या भीतीला उत्तर द्या.

मिनेसोटा विद्यापीठात पॉलिन बॉस नावाच्या बाईंनी याच दुःखावर आयुष्यभर काम केलं. व्हिएतनामच्या युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या बायकांपासून त्यांनी सुरुवात केली. मग उलट बाजू पाहिली: माणूस घरात आहे, पण मनाने गेलेलं. ना सुतक, ना दहावं, कोणी भेटायलाही येत नाही. त्यांचे वडील स्वित्झर्लंडहून आलेले, जन्मभर गावाकडे डोळे लावून बसलेले. वाचताना मला आपली पडवी दिसली. २०११च्या जनगणनेत आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, आणि दहा वर्षांत लोकसंख्या ऐंशी हजारांहून जास्त घटली होती. गणपतीत उघडणारी नि मग कुलूप लागणारी घरं तुम्ही माझ्यापेक्षा जास्त मोजली आहेत. त्या घरांत मागे राहिलेल्या माणसांसाठी मला परत यायचंय. चिपळूणला किंवा गुहागरलाच.

अर्जासाठी तीन पिढ्यांचा नकाशा काढायचा होता. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, जिथे बिनसलंय तिथे नागमोडी रेघ. बाबा, तुमच्या आणि दादाच्या मधे ती रेघ ओढली आणि पेन्सिल तिथेच थांबली. कारण तुमचे निरोप पोचवणारी मीच होते. ते मला जड कधी वाटलं नाही, खरंच नाही. पण मी लांब गेले की तुम्हालाच बोलावं लागेल. गुरुवारी दादा लवकर घरी येतो. फक्त विचारा, जेवलास का. त्या गणपतीचा विषय काढूच नका.

आई, थायरॉइडची गोळी उठल्याबरोबर, चहा नंतर. बाबांना लोणचं वाढू नकोस, मागितलं तरी. बाबा, पाडेली आला की नारळांखाली उभं राहायचं नाही, आणि पावसात चिऱ्याच्या अंगणात शेवाळ धरलं की ब्लीचिंग पावडर टाकून घासून घ्यायचं, घासायला माणूस बोलवायचा, स्वतः नाही. न्हाणीघरात दांडी बसवायला सुताराला पैसे दिलेत. रात्री मधल्या खोलीचा छोटा दिवा चालूच ठेवा, बिलाची काळजी नको. तिकडे मला काही कमी पडणार नाही. राहायची खोली विद्यापीठाच्या आवारातच आहे, आणि कुळथाचं पीठ मी नेतेय. हिवाळ्यात तुमच्याकडे संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा माझ्याकडे सकाळचे साडेसात. तुम्ही देवापाशी दिवा लावलात की फोन करीन, रोज.

जायच्या आधी आठ दिवस घरी येतेय. आई, मऊ भात कर, वर तूप नि मेतकूट. आणि माझ्या केसांना तेल लावून दे, बाकी काही नको.

तुमची,
चिमी

ता. क. आजीच्या पदराला बांधलेली पन्नासाची नोट माझ्याकडे आहे, गाठीच्या घड्या अजून तशाच आहेत. आई, कपाटात शोधू नकोस.