पक्या, बूस्टर नको, आधी सांधा बघ

प्रिय पक्या,

तब्येती बऱ्या आहेत, माझं बीपी गोळीवर, हिची पाठ अधूनमधून. आता मुद्द्यावर येतो, कारण हे इथे एडिसनमध्ये कुणाला सांगितलं की म्हणतात राउटर बंद करून चालू कर, आणि ही म्हणते दुसरी कंपनी घे. तुलाच कळेल.

आमचं केबलचं नेट उन्हाळा लागल्यापासून दुपारी तुटतंय. रोज तुटलं असतं तर सापडलं तरी असतं. ढगाळ असलं की दिवसभर मस्त, कडक ऊन पडलं की बारा-एकला मोडेमचा दिवा लुकलुकायला लागतो, नेट जातं, थोड्या वेळाने आपोआप येतं. आणि इथले बारा म्हणजे तिकडे रात्रीचे साडेनऊ, आई जेवणं आवरून फोन घेऊन बसते ती वेळ. ती बोलत असते, माझा चेहरा गोठतो, तिला वाटतं मीच फोन ठेवला. परवा म्हणाली, कामात असशील तर राहू दे रे. फार लागलं मला ते.

मग बसलोच. पिंग, म्हणजे पोच मागणारी छोटी पॅकेटं, चालू ठेवून बघितलं, राउटरपर्यंत एक पॅकेट गळत नाही, बाहेर जाणारं सगळं मरतं, म्हणजे दोष वायफायचा नाही. मोडेमचं पान उघडलं, १९२.१६८.१००.१, आणि तिथे गंमत. येणारा सिग्नल शून्य डीबीएमव्हीच्या (सिग्नलच्या ताकदीचं माप) आसपास, म्हणजे हवा तेवढाच, एसएनआर, म्हणजे गोंगाटाच्या वर सिग्नल किती, ३८ डीबी, तक्रारीला जागा नाही. पण मोडेमकडून जाणारा सकाळी ४३ डीबीएमव्ही आणि दुपारी ५१! बेंबीच्या देठापासून ओरडतोय बिचारा आणि पलीकडून उत्तर नाही, लॉगमध्ये टी३ टाइमआउटची, म्हणजे हाक मारून उत्तर न आल्याच्या नोंदींची, ही रांग. असे लागोपाठ १६ झाले की तो सगळं सोडून पहिल्यापासून सुरू होतो.

कंपनीचा माणूस येतो सकाळी, गारव्यात. मीटर लावतो, सिग्नल परफेक्ट म्हणतो, मोडेम बदला म्हणतो आणि जातो. अरे मोडेम खराब असता तर ढगाळ दिवशी कसा चालला असता? दुपारी ये म्हटलं तर स्लॉट नाही. सकाळच्या एका रीडिंगवर दुपारच्या फॉल्टचा निकाल लावतात याचा मला मनापासून राग येतो.

शाहूपुरीतली गच्ची आठवते ना? तू अँटेनाला बूस्टर लाव म्हणायचास, मी म्हणायचो आधी चपट्या वायरीचा सांधा बघ, आणि मॅचच्या दिवशी आपण वर भांडतोय नि खालून मन्याचे बाबा, आलं का, आलं का! मी अजून तेच म्हणतो रे, बूस्टर कचराही तेवढाच मोठा करतो. इथे तर एकाच दिशेचा बूस्टर लावला तर मोडेमचं परत जाणारं पार बंदच.

आधीच्या मालकाचा दोन फाट्यांचा स्प्लिटर काढला, साडेतीन डीबी तिथेच जात होते. आकडे उतरले पण दुपारची उडी तशीच. मग शिडी लावून बाहेरच्या भिंतीवरचा, अर्थिंगच्या ब्लॉकचा एफ कनेक्टर, म्हणजे केबलच्या टोकाचा आट्यांचा जोड, उघडला. पक्या, आत हिरवं! मधली तार काळी, जाळीचा नुसता चुरा, खांबाकडून पाणी वायरीत उतरलेलं. भिंत दक्षिणेची, तापली की सांधा सैल. आणि सैल सांधा म्हणजे कपॅसिटर, वरच्या फ्रिक्वेन्सी पलीकडे जातात, खालच्या अडतात. जाणारा सिग्नल ५ ते ४२ मेगाहर्ट्झमध्ये असतो, म्हणून तोच मेला आणि त्याच्या वरच्या फ्रिक्वेन्सीचा येणारा धडधाकट दिसत राहिला. हे कळलं तेव्हा तू शेजारी हवा होतास यार.

कुजलेला तुकडा कापून नवा कनेक्टर दाबलाय. आज रणरणतं ऊन होतं, एक वाजता जाणारा सिग्नल ४०च, लॉग कोरा. पण वायर आतून ओली आहे, पुन्हा गंजणारच, खांबापासून अख्खी बदलून द्या म्हणून फोटो आणि दुपारचे लॉग पाठवलेत, बदलेपर्यंत सोडत नाही.

तुझ्या बदलीचं काय झालं? सईच्या दहावीचं ऐकून बरं वाटलं, वहिनींना नमस्कार सांग.

आणि एक काम कर, रविवारी जमलं तर आईकडे जाऊन ये. तिला सांग की वायर खराब होती, मी फोन ठेवत नव्हतो. माझ्या सांगण्यावर ती नुसती हो म्हणते, तुझं ऐकेल.

तुझा,
बंड्या