शाळेत संगीत ऐकवू नका, शिकवा: शालेय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सादर नमस्कार.

आमच्या सिंधुदुर्गात डबलबारीच्या, म्हणजे दोन बुवांच्या भजन-सामन्याच्या, मांडवात पखवाज शिकणारे एखादे पोर पुढे बसलेले असते. बुवांनी गजर घेतला की थाप पडण्याआधीच त्याची बोटे मांडीवर चालू लागतात. शेजारी बसलेले, तोच गजर तितक्याच वेळा ऐकलेले मूल मात्र स्वस्थ असते. हा फरक मेंदूतही दिसतो. वाद्याचा गंध नसलेल्या माणसांना बोस्टनमधील संशोधकांनी पाच दिवसांत पियानोवर एक धून वाजवायला शिकवली आणि नंतर ती नुसती ऐकवली, तेव्हा हात हलत नसतानाही त्यांच्या मेंदूतील हालचालींशी संबंधित भाग सक्रिय झाले. कानांना तितकीच ओळखीची, पण कधी न वाजवलेली धून ऐकवल्यावर तसे झाले नाही. हे संशोधन २००७ साली प्रसिद्ध झाले.

लॉस एंजेलिसमधील गरीब वस्त्यांतल्या मुलांवर मेंदू-संशोधक नीना क्रॉस यांनी केलेला अभ्यास (२०१४) मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण ती मुले आमच्या मुलांसारखीच शिकवणीचे पैसे न परवडणाऱ्या घरांतली होती. मिळतेजुळते उच्चार वेगळे ओळखण्याची त्यांच्या मेंदूची क्षमता सुधारली, पण एका वर्षाच्या संगीत शिक्षणाने नव्हे, दोन वर्षांच्या. या क्षेत्रातले सगळेच दावे टिकलेले नाहीत, हेही सांगितले पाहिजे: अनेक प्रयोगशाळांनी मिळून केलेल्या २०२५ च्या मोठ्या अभ्यासात, ध्वनीवरील मेंदूच्या अगदी सुरुवातीच्या प्रतिसादात वादक आणि इतर यांच्यात फरक आढळला नाही. म्हणून संगीताने मुले हुशार होतात असली जाहिरात मी करणार नाही. वाजवायला शिकलेले मूल वेगळे ऐकते, एवढेच माझे म्हणणे आहे आणि माझ्या मते तेवढे पुरेसे आहे.

आमच्या बहुतेक जिल्हा परिषद शाळांत संगीत म्हणजे परिपाठाला स्पीकरवर लावलेली प्रार्थना. दोन शिक्षकांनी चार-पाच वर्ग सांभाळायचे, त्यात पेटी कोण शिकवणार? पण गावात भजनी बुवा आहेत, दशावतारातले पखवाजी आहेत, संगमेश्वराकडे गेलात तर जाखडी या लोकनृत्याचे ढोलकीवाले आहेत. प्रत्येक केंद्रासाठी, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटासाठी, अशा एका कलावंताची मानधनावर, किमान सलग दोन वर्षांसाठी नेमणूक करावी, पदवीची अट घालू नये आणि प्रत्येक शाळेला एक पेटी व एक पखवाज द्यावा, ही विनंती. येत्या जूनपासून निदान एका तालुक्यात सुरुवात व्हावी.

आपला नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, जि. सिंधुदुर्ग