संथ फेरीकडे नीट पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विद्यापीठांच्या विनाचालक गाड्यांच्या शर्यतींच्या चित्रफिती पाहून 'यापेक्षा आपली रिक्षा बरी' हा शेरा हमखास येतो. पहिल्या फेरीपुरता तो खराही आहे, पण पाहण्यासारखी फेरी तीच.

जर्मनीतील 'फॉर्म्युला स्टुडंट' स्पर्धेत 2017 पासून विनाचालक गट आहे. डावीकडे निळे शंकू, उजवीकडे पिवळे, मधली वाट किमान 3 मीटर रुंद. मुख्य शर्यत 10 फेऱ्यांची असते आणि मार्गाचा नकाशा आधी मिळत नाही. लायडर (लेझर किरणांनी अंतर मोजणारे उपकरण) व कॅमेऱ्याने एकेक शंकू टिपत गाडी पहिल्या फेरीत तो स्वतः काढते. सुरुवातीचे मोठे नारिंगी शंकू पुन्हा दिसले की नकाशाची दोन टोके जुळतात आणि मग ती खरी पळू लागते.

फसते ते बहुधा याच टप्प्यावर. तीव्र वळणावर पलीकडच्या वाटेचे शंकू आपलेच समजले जातात. जोरात ब्रेक लागला की नाक झुकते आणि लायडरला शंकूंऐवजी जमीनच दिसते. ताशी 40 किलोमीटरला गाडी सेकंदाला 11 मीटर जाते, गणिताला 0.2 सेकंद उशीर झाला, तरी दोन मीटरहून जास्त अंतर जुन्या माहितीवर कापले जाते. कधी चूक त्याहून क्षुल्लक असते. 2020 मध्ये 'रोबोरेस' या विनाचालक शर्यतमालिकेतली एक गाडी सुटताच थेट भिंतीवर गेली, कारण स्टिअरिंगच्या आज्ञेत आकड्याऐवजी 'हा आकडाच नव्हे' असे मूल्य आले होते. लोक हसले; पण हे मूल्य तपासणारी एक ओळ किती प्रणालींत असते?

पवईच्या आयआयटीतले विद्यार्थी विजेवरची रेसिंग कार घेऊन इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनच्या शर्यतमार्गावर जात आले आहेत, म्हणजे मुंबईत हौस आणि कौशल्य दोन्ही आहे. सरावाला फार काही लागत नाही: दर 5 मीटरला एक धरला, तर 200 मीटरच्या मार्गाला दोन्ही बाजूंचे मिळून 80 शंकू. दुरून थांबवण्याचे बटण मात्र हवेच, आणि वीज गेली की आपोआप लागणारा ब्रेकही. सराव जुलैत ठेवावा. लायडरच्या काचेवरचे थेंब नसलेले अडथळे दाखवतात आणि ओल्या डांबरावर शंकूंची प्रतिबिंबे पडतात, ही परीक्षा इथे फुकट मिळते.

आयोजकांनी गाडीला दिसणारा नकाशा प्रेक्षकांसमोरच्या पडद्यावर दाखवावा. वृत्तपत्रांनीही निकालासोबत गाडीवरच्या दिव्यांची भाषा छापावी: स्थिर पिवळा म्हणजे सज्ज, लुकलुकता पिवळा म्हणजे चालू, स्थिर निळा म्हणजे शर्यत पूर्ण, लुकलुकता निळा म्हणजे आपत्कालीन ब्रेक. मग 'गाडी बंद पडली' असे सरसकट लिहिले जाणार नाही.

आपला,
एक वाचक, विलेपार्ले, मुंबई