मिनरल पॉइंटहून परतल्यावर

रेडरूथ, कॉर्नवॉल, इंग्लंड
ऑक्टोबर

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आम्ही परत आलो त्याच दिवशी हातात पडलं. "शिकागोच्या इमारतींचं वर्णन लिहू नकोस, त्या टीव्हीवर दिसतात, गाव कसं होतं ते लिही," असं तू बजावलं आहेस. बरं केलंस. शिकागोला आम्ही फक्त विमानातून उतरलो, तिथून तीन-साडेतीन तासांत गाडीने थेट मिनरल पॉइंट गाठलं. हे विस्कॉन्सिन राज्याच्या नैऋत्य कोपऱ्यातलं अडीच-तीन हजार वस्तीचं गाव. आमच्या रेडरूथचं ते जुळं गाव आहे. मागे पेस्टी या आमच्या भाजलेल्या, सारण भरलेल्या पदार्थाच्या महोत्सवाला तिकडची मंडळी इथे आली, तेव्हा त्यातलं एक जोडपं आमच्याकडे उतरलं होतं. तो निवृत्त सुतार, ती शाळेत ग्रंथपाल होती. दोघांचा लळा लागला, आणि "आता तुम्ही या" हा आग्रह इतकी वर्षं चालू होता.

विस्कॉन्सिन म्हणजे सपाट मक्याची शेतं, असं मी धरून चाललो होतो. पण मॅडिसन मागे पडल्यावर जमीन वरखाली व्हायला लागते. हिमयुगात आजूबाजूचा सगळा मुलूख हिमनद्यांनी घासून सपाट केला, एवढा भाग मात्र सुटला. त्यामुळे इथे दऱ्या आहेत, उघडे पडलेले चुनखडीचे थर आहेत, आणि उतारावर समपातळीत आखलेले मक्याचे नि गवताचे पट्टे आहेत. मधूनच एखादं लाल कोठार आणि गुरांच्या चाऱ्याचा उंच मनोरा. फार देखणा प्रदेश आहे.

या चुनखडीत शिसं होतं. 1820च्या दशकाच्या अखेरीस त्याच्यामागे माणसं धावली. पहिले आले त्यांनी घरं बांधायच्या भानगडीत न पडता टेकडीच्या पोटात बिळं खणून हिवाळा काढला. त्यांना लोक 'बॅजर', म्हणजे बिळं खणणारा प्राणी, म्हणायला लागले आणि पुढे ते अख्ख्या राज्याचंच टोपणनाव झालं. पण वरवरचं शिसं संपलं की खोल जावं लागतं, आणि खोल खडकात सुरुंग कसा लावायचा, पाणी कसं उपसायचं हे ज्यांच्या हाडात मुरलेलं होतं ते आमचे कॉर्नवॉलचे खाणकामगार. 1830च्या दशकापासून ते फाल्मथ, पॅडस्टो अशा बंदरांतून जहाजात चढले. अटलांटिक ओलांडायचा, मग सरोवरांतून, कालव्यांतून, बैलगाडीने पश्चिमेकडे जायचं. पोरंबाळं बरोबर. आपल्याकडच्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत पुढे हेच लोक आले. जगात कुठेही जमिनीत खड्डा दिसला तर तळाशी कॉर्नवॉलचा माणूस असतो, असं इथे अभिमानाने म्हणतात, ते उगाच नाही.

मला सर्वांत भावला तो शेक रॅग स्ट्रीट. ओढ्याकाठच्या या रस्त्यावर खाणकामगारांची दगडी घरं टेकडीला पाठ टेकून उभी आहेत. जेवण तयार झालं की बायका दारात येऊन फडकं हलवत आणि समोरच्या टेकडीवर खाणीत असलेले नवरे काम टाकून येत, त्यावरूनच हे नाव पडलं अशी आख्यायिका आहे. दगड तिथला, पण बांधणी अगदी आमच्याकडची. जाड भिंती, लहान खोल खिडक्या. रेडरूथच्या आमच्या मागच्या गल्लीतलं एखादं घर उचलून तिथे नेऊन ठेवावं तसं वाटलं. तुझी वहिनी तर भिंतीला हात लावून उभीच राहिली.

ही घरं आज आहेत ती दोन माणसांमुळे. 1848 मध्ये कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि गावातले कितीतरी खाणकामगार तिकडे गेले. मग जस्ताचा जमाना आला आणि तोही ओसरला. जुनी घरं ओस पडली, लोक ती पाडून दगड विकायला लागले. तेव्हा, 1935 मध्ये, गावातलाच रॉबर्ट नील आणि त्याचा जोडीदार एडगर हेलम यांनी असं एक मोडकळीला आलेलं घर विकत घेतलं आणि स्वतःच्या हातांनी दुरुस्त केलं. मंदीचे दिवस, खिशात पैसा नाही. म्हणून त्यांनी तिथेच कॉर्निश पेस्टी खाऊ घालणारी खानावळ सुरू केली. तिच्या कमाईवर पुढचं घर, मग त्याच्या पुढचं. घरांना त्यांनी पेंडार्विस, पोलपेरो, ट्रेलॉनी अशी कॉर्नवॉलची नावं दिली. दोघं आयुष्यभर एकत्र राहिले, एकत्र खपले. त्या काळी, त्या एवढ्याशा गावात! 1970च्या सुमारास ते थकले, आणि पेंडार्विस राज्याच्या ऐतिहासिक संस्थेकडे गेलं. आपल्याकडे कुणी वाडा वाचवायला निघालं की आधी अनुदानाची चर्चा होते. या दोघांनी कणीक मळली आणि गाव वाचवलं. त्यांच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो.

पेस्टी तुला माहीत आहे. आमच्याकडे आलास तेव्हा दोन खाल्ल्या होत्यास. गोमांस, बटाटा, कांदा आणि स्वीड नावाचा सलगमसारखा कंद, हे सगळं कच्चंच पारीत भरून भाजायचं. यजमानीणबाई आजीच्या पद्धतीने करतात. त्यांनी पारी दुमडून कडेने अंगठ्याने वळवत आणायला सुरुवात केली, आणि वहिनी म्हणाली, "अहो, ही तर करंजीची मुरड!" मग काय, हात धुऊन तीही बसली. बाईंचे अंगठे संधिवाताने वाकडे झालेत, तरी एक पीळ दुसऱ्यापेक्षा मोठा नाही. वहिनीची मुरड बारीक आणि दाट, बाईंची रुंद, दोरखंडासारखी. आमच्यासाठी मांसाऐवजी तिथलं चेडर चीज घातलं. गावातच हूक यांचा कारखाना आहे, दहा-पंधरा वर्षं मुरवलेलं चेडर विकतात. जिभेवर ठेवलं की आधी बारीक खडे लागतात आणि मग तिखटसर चव पसरत जाते. पेस्टीबरोबर तिकडे केचप घेतात, ते मात्र मला पटलं नाही.

संध्याकाळी युकर. हा पत्त्यांचा डाव कॉर्नवॉलच्या पबांत अजून जोरात चालतो आणि विस्कॉन्सिनच्या घराघरांतही. आमच्याकडे पंचवीस पत्ते, त्यात 'बेनी' नावाचा एक पत्ता सर्व हुकमांच्या वरचा. त्यांच्याकडे चोवीसच, बेनी नाही, हुकमाचा गुलाम सर्वांत मोठा. शेजारची मंडळीही न सांगता येऊन बसली. बेनी धरायचा की नाही यावर इतका वाद रंगला की शेवटी एक डाव त्यांचा, एक डाव आमचा असं ठरलं. शुक्रवारी मात्र पत्ते बंद. त्या दिवशी सगळं गाव तळलेले मासे खायला बाहेर पडतं, आणि कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, सगळं तिथेच कळतं.

एक गोष्ट खटकली. गाडी नसेल तर तिथे माणूस पांगळा. 1850च्या दशकातलं सुंदर दगडी रेल्वे स्टेशन आहे, पण ते आता संग्रहालय. रूळ काढून टाकलेत. आमचे यजमान ऐंशीच्या घरात आहेत, उद्या नजर अधू झाली तर काय, हा प्रश्न त्यांनीच मला विचारला. मी काय सांगणार? शेजारी आहेत, ते नेतील-आणतील, हे खरं. पण सगळा भार शेजाऱ्यांच्या चांगुलपणावर टाकणं मला बरं वाटत नाही.

बाळ्या, आता खरं सांगायचं ते सांगतो. माझ्या रंगाचा, नावाचा माणूस तिथे दुर्मीळ. "कुठले तुम्ही?" असं सगळे विचारायचे. मी "रेडरूथ, कॉर्नवॉल" म्हटलं की चेहरे उजळायचे. "आणि मूळचा सांगलीचा" असंही मी सांगायचो, तेही ते आवडीने ऐकायचे. पण लगेच कुणी पणजोबांचं गाव सांगायचं, कुणी जुना फोटो काढायचं, आणि तिथे आता काय आहे हे मला विचारायचं. जणू मी त्यांच्या माहेरचा माणूस. इंग्लंडमध्ये इतकी वर्षं काढली, पण कॉर्नवॉलचा म्हणून इतक्या सहजपणे मला कुणी धरलं नव्हतं. त्यांच्या प्रश्नांची उत्तरं आपल्याला यायला हवीत, असं फार वाटलं.

आमच्याकडची साउथ क्रॉफ्टी खाण 1998 मध्ये बंद झाली, तिकडची शेवटची जस्ताची खाण 1979 मध्ये. दोन्हीकडे घरटी माणसं गेली. गेलेल्यांनी तिकडे दगडी घरं, पेस्टी, पत्त्यांचा डाव सगळं जपलं. इथे मात्र आमच्या रस्त्यावरची कॉलेजची पोरं मिनरल पॉइंटचं नाव फक्त गावाच्या पाटीवर वाचतात. मला हे चालणार नाही.

म्हणून एक काम अंगावर घेतलं आहे. यजमानांच्या खापरपणजोबांच्या थडग्यावर कॉर्नवॉल एवढंच वाचता येतं, खालची ओळ झिजली आहे. घरात ग्वेनॅपचं नाव सांगतात, ते इथून चार मैलांवर. रेडरूथच्या जुन्या दारूभट्टीच्या इमारतीत 2019 पासून क्रेसेन केर्नो हे कॉर्नवॉलचं दप्तरखाना-ग्रंथालय आहे. तिथे ग्वेनॅपच्या चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी पाहायला येत्या मंगळवारी जायचं आहे. तू भारत इतिहास संशोधक मंडळात इतकी कागदपत्रं चाळली आहेस, तर अशा नोंदींत एकाच नावाची चार माणसं निघाली की नेमकं कोण हे कसं ठरवायचं, ते सविस्तर लिही. लवकर लिही.

काकांचा खोकला कसा आहे? त्यांना आणि काकूंना आम्हा दोघांचा नमस्कार. पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
दत्ता