पाळणा आणि रेपो रेट

संपादक महोदय,

मे 2022 च्या सुरुवातीला रेपो रेट, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, 4 टक्के होता, फेब्रुवारी 2023 पर्यंत साडेसहा झाला आणि आमच्या घणसोलीच्या वन बीएचकेचं लोन रेपोला जोडलेलं, त्यामुळे बँकेने हप्ता तोच ठेवून न विचारता मुदतच वाढवली, म्हणजे साठी उलटली तरी हप्ते चालूच. त्या आठवड्यात बायकोने मुलीचा जुना पाळणा माळ्यावरून काढला, पुसला आणि शेजारच्यांना देऊन टाकला. काही बोलली नाही. लोक म्हणतात हल्ली सगळ्यांना एकच मूल हवं असतं, अहो पण हवं-नको आम्हाला विचारलं कुणी? मुदत वाढवायची की हप्ता हा पर्याय ग्राहकाला द्या असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2023 मध्ये सांगितलं, आमच्यासाठी उशीरच झाला.

— एक वाचक, घणसोली, नवी मुंबई