अमेरिकेत आधी चर्च फुटले

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील यादवी युद्धावरील आपल्या दैनिकातील लेख वाचला. लेखाची सुरुवात एप्रिल १८६१मधील फोर्ट सम्टर या किल्ल्यावरच्या, युद्धाला तोंड फोडणाऱ्या तोफांच्या माऱ्यापासून होते. पण त्याआधी सोळा वर्षे देशातील बॅप्टिस्ट चर्च (प्रोटेस्टंट ख्रिश्चनांचा एक पंथ) गुलामगिरीच्या याच प्रश्नावर फुटले होते आणि त्याचा लेखात उल्लेखही नाही, याची खंत वाटते.

राज्यसत्तेने धर्मात ढवळाढवळ करू नये, हा बॅप्टिस्टांचा मूळचा बाणा. त्यापायी व्हर्जिनियात त्यांच्या उपदेशकांनी तुरुंगवासही सोसला. त्याच व्हर्जिनियातील त्यांच्या समितीने १७९०मध्ये उपदेशक जॉन लेलंड यांच्या पुढाकाराने गुलामगिरीचा निषेध केला. मात्र स्थानिक संघटनांची नाराजी पाहून १७९३मध्ये हा विषय कायदेमंडळाचा असल्याचे सांगून तिने तो सोडून दिला. इतक्या कष्टाने मिळवलेले तत्त्व येथे पळवाट म्हणून वापरले गेले, असे माझे स्पष्ट मत आहे.

१८४४मध्ये अलाबामाच्या बॅप्टिस्टांनी गुलामांच्या मालकाला मिशनरी म्हणून नेमणार की नाही, असा रोखठोक सवाल ठराव करून केला, तेव्हा मिशनरी नेमणाऱ्या बोस्टनच्या मंडळाने गुलामगिरीला संमती ठरेल अशा कोणत्याही व्यवस्थेत सहभागी होण्यास नकार दिला. मे १८४५मध्ये ऑगस्टा येथे दक्षिणेकडील मंडळींनी आपली स्वतंत्र संघटना स्थापन केली. अलाबामाच्या त्या ठरावाचे कर्ते बेझिल मॅनली स्वतः गुलामांचे मालक होते, आणि फेब्रुवारी १८६१मध्ये दक्षिणेतील फुटीर राज्यांचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस यांच्या शपथविधीत प्रार्थना म्हटली तीही त्यांनीच. त्याच वर्षी मे महिन्यात दक्षिणेच्या या संघटनेने फुटीर राज्यांना उघड पाठिंब्याचा ठराव केला. गुलामांच्या सुटकेचा प्रश्न राजकारणाचा म्हणून दूर ठेवणाऱ्यांना मालकांच्या राज्यासाठी ठराव करताना ते राजकारण वाटले नाही!

या साऱ्यात ज्यांच्या गुलामगिरीवरून वाद पेटला, त्यांतील हजारो जण स्वतः बॅप्टिस्ट होते. १८३१मध्ये नॅट टर्नर या गुलाम उपदेशकाने केलेल्या उठावानंतर व्हर्जिनियाने कृष्णवर्णीयांना प्रवचन करण्यास कायद्याने मनाई केली. म्हणून १८४१मध्ये रिचमंड येथे कृष्णवर्णीयांचे स्वतंत्र बॅप्टिस्ट चर्च उभे राहिले, तरी त्याचे पाद्री गोरेच आणि तेही गुलाम बाळगणारे, रॉबर्ट रायलंड. आपला पाद्री आपल्यातलाच असावा, एवढ्या साध्या हक्कासाठीही त्या मंडळीला युद्ध संपेपर्यंत थांबावे लागले. पुढील लेखात या मंडळींविषयी सविस्तर लिहावे, ही विनंती.

— एक वाचक, मिरज