रेंज गेली नव्हती

लीड्स, १८ जानेवारी

प्रिय आई,
शि. सा. नमस्कार.

फोनवर धड सांगता आलं नसतं, म्हणून लिहितेय. दर रविवारी तू "गोड बातमी कधी?" विचारतेस आणि मी हसून विषय बदलते. आमच्यात काही बिनसलेलं नाही, तपासण्याही ठीक आहेत. मला उलटीची भीती वाटते. हसू नकोस. किळस सगळ्यांनाच येते. मला पायात साप दिसल्यासारखी भीती वाटते. तिला इमेटोफोबिया म्हणतात, हे इथे आल्यावर कळलं.

माझी शेवटची उलटी आठवते? १९९९चा मे, कराड-चिपळूण एसटी, कुंभार्ली घाट. आवळासुपारी झाली, लिंबू हुंगून झालं, तरी पुढच्या बाईंच्या पातळावर गेलंच. तू पदराने पुसत त्यांची माफी मागत होतीस आणि अख्खी गाडी वळून बघत होती. त्यानंतर एकदाही नाही. सव्वीस वर्षं मी ती थोपवण्यात घालवली. लग्नात मठ्ठ्याला हात का लावत नाही, गणपतीला चिपळूणला मुंबईहून रेल्वेनेच जायचा हट्ट का, दुधाची पिशवी तीनतीनदा का हुंगायचे, हे आता लक्षात येईल तुझ्या.

इथला हिवाळा तर विचारू नकोस. नोरोव्हायरसची साथ येते. उलट्या थांबल्यावर ४८ तास कामावर यायचं नाही असं सांगतात, आणि ऑफिसात कोण कितव्या तासाला परत आलं ते मी मोजत बसते. हाताला लावायच्या जेलने तो विषाणू नीट जात नाही, साबण-पाणीच लागतं. माझ्या बोटांची सालं निघालीत.

ऑक्टोबरपासून एका थेरपिस्टकडे जातेय. गोळ्या नाहीत, ज्याची भीती त्याच्याजवळ थोडंथोडं जायचं. पहिल्यांदा तिने इंग्रजी शब्द कागदावर लिहायला लावला. वीस वेळा लिहिला, ढिम्म काही झालं नाही. मग म्हणाली, तुझ्या भाषेत लिही. 'ओकारी'तला नुसता 'ओ' काढला आणि तळहाताला घाम फुटला. 'का'पर्यंत पोचायला दहा मिनिटं लागली. तो कागद आता फ्रिजवर लावलाय. गेल्या आठवड्यात तर उरलेली मुगाची खिचडी पाण्यात कालवली, त्यात व्हिनेगर घातलं आणि संडासात गुडघे टेकून, उमाशांचे आवाज काढत ओतली. तुझे जावई दाराबाहेर, शेजाऱ्यांनी विचारलं तर काय सांगायचं या विवंचनेत!

आई, मूल हवंय गं. भीती आहे ती दिवस गेल्यावरच्या त्या पहिल्या महिन्यांची. "हिच्या वेळी पाचव्यापर्यंत पाण्याचा घोट ठरला नाही पोटात," असं तू आल्यागेल्याला किती कौतुकाने सांगायचीस, आणि मी तिथून उठून गच्चीत जायचे. सगळ्याच बायकांना इतका त्रास होत नाही, हे माहीत आहे. माहीत असून उपयोग होत नाही, हीच तर गंमत.

येत्या रविवारी ती गोष्ट मला पहिल्यापासून सांग. काही गाळू नकोस, खाटेखालची बादलीसुद्धा नाही. बाबांना हे पत्र दाखवलंस तरी चालेल, आत्याला मात्र नको.

आणि दिवाळीत तू ते सांगायला लागलीस तेव्हा रेंज गेली नव्हती. फोन मीच कापला होता.

तुझी,
छकुली